नळावरचे रान

कात्रजच्या तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास भुयारी नळाने पुण्यास आणले. त्यावर बुधवार पेठेतील हौद भरत. अशा बांधीव नळाचा खरा वैरी म्हणजे पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले त्याचे बी चुन्याच्या सांध्यांत रुजते. पुढे मुळे जाडावली की चिरे सरकतात. मग नळावरचे सारेच रान उपटून टाकावे काय? छे! उघड्या मातीवर घाणेरी माजते, आणि ती तर अमेरिकेहून आलेली पाहुणी! त्यापेक्षा कुसळी, पवन्या ही आपली गवते राखावीत. त्यांची बारीक मुळे माती धरून ठेवतात, चिरे हलवीत नाहीत. पिंपळाचे रोप तेवढे कोवळे असतानाच मुळासकट काढावे. विजेच्या तारांखालीही हाच न्याय : उंच वृक्ष तोडावे लागतात, करवंदीची जाळी तारेपर्यंत पोहोचतच नाही.