रोमेन लेट्यूस : कुंडीतून थेट ताटात

सॅलड-बर्गरमध्ये दिसणारा लेट्यूस आपल्याला परका वाटतो. उर्दू जाणणाऱ्या घरांत मात्र त्याचे जुने नाव ओळखीचे असेल : काहू. युनानी औषधांतले ‘तुख्म-ए-काहू’ हे याच वनस्पतीचे बी. झोप लागावी म्हणून हकीम ते देत आले आहेत. रोमेन ही काहूचीच उभ्या, लांबट, कुरकुरीत पानांची जात.

मेथी-पालक आपण शिजवतो, त्यामुळे जंतू बरेचसे मरतात. लेट्यूस कच्चाच खाल्ला जातो. म्हणून तो कोणत्या पाण्यावर आणि खतावर वाढला, हे कळायला हवे. बाजारातल्या पानाबद्दल ते कळत नाही. आम्ही तो घरी लावतो, ते मुख्यतः यासाठीच.

याला थंडी आवडते. 15 ते 20 अंश तापमान उत्तम. महाराष्ट्रात ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा पेरणीचा काळ. उकाड्यात बी नीट उगवत नाही. बी खोल पुरू नये. उगवायला त्याला उजेड लागतो. ओल्या मातीवर भुरभुरावे आणि वर चिमूटभर माती टाकावी.

कुंडी 15 ते 20 सेंटिमीटर खोल असली तरी पुरते. मातीत पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. ताजे शेण मुळीच नको. रोपांना चार-पाच पाने आली की दोन रोपांत 20 ते 25 सेंटिमीटर अंतर ठेवून विरळणी करावी. उपटलेली रोपे दुसऱ्या कुंडीत लावता येतात.

मुळे वरच्या थरातच असतात, म्हणून माती सुकू देऊ नये. पाणी सकाळी, मुळाशी घालावे. कपडे-भांडी धुतलेले पाणी इथे वापरू नये. मावा दिसला तर पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुवावी.

पाच-सहा आठवड्यांनी बाहेरची पाने खुडायला घ्यावीत. आतला गाभा वाढत राहतो. पूर्ण गड्डा साधारण 65 ते 75 दिवसांत तयार होतो. ‘आणखी मोठा होऊ दे’ म्हणून थांबू नये. ऊन वाढले की मधला दांडा उंच जातो, तोडल्यावर पांढरा चीक येतो आणि पान कडू होते. अशा वेळी एखादे झाड बियांसाठी ठेवून बाकीची काढून टाकावीत. सगळे पीक एकदम येऊ नये म्हणून दर पंधरा दिवसांनी थोडेथोडे बी पेरावे.

घरचे असले तरी प्रत्येक पान सुटे करून धुवावे; शेवटचे पाणी पिण्याचे असावे. मग स्वच्छ फडक्यात कोरडे करून, लिंबू-मीठ लावून दस्तरखानावर आणावे. खुडण्याचे काम मुलांकडे द्यावे. स्वतः तोडलेले पान ती ताटात सहसा टाकत नाहीत.