आईची हरवलेली सकाळ

कालिदासाच्या शाकुंतलांत दुष्यंताला शकुंतलेचा विसर पडतो. पण त्याचें कारण प्रेक्षकांना ठाऊक असतें. दुर्वासाचा शाप त्यांनीं ऐकलेला असतो, आणि अंगठी सांपडतांच विसर दूर होणार हेंहि त्यांना कळलेलें असतें. आपल्या घरांत तसें नसतें. आपलें माणूस समोर बसलेलें असतें, चेहरा तोच, आवाज तोच; मात्र सकाळपासूनचें सारें त्याच्या मनांतून पुसलें गेलेलें असतें. शाप कोणता आणि अंगठी कोठें, हें कोणासच सांगतां येत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं माघांतल्या एका सकाळीं आमच्या आईस असें झालें. तिचें वय तेव्हां सदुसष्ट. सारा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेलेला, आणि थंड पाण्यानें स्नान करण्याचा नेम बारमास चाललेला. स्नान आटोपून ती देवघराच्या दाराशीं उभी राहिली आणि म्हणाली, "आज वार कोणता रे?" मीं बुधवार म्हणून सांगितलें. दोन मिनिटांनीं तोच प्रश्न, त्याच स्वरांत. पुन्हां उत्तर, पुन्हां प्रश्न. स्वतःचें नांव, आम्हां भावंडांचीं नांवें तिला बिनचूक सांगतां येत होतीं. अथर्वशीर्ष तिनें एकहि अक्षर न चुकतां म्हटलें. पण तें म्हणून झालें आहे, हें तिला पांच मिनिटांनीं आठवेना. मग तिनें विचारलें, "हे अजून फिरून आले नाहींत का?"

वडिलांना जाऊन आठ महिने झाले होते.

मीं खरें तें सांगितलें. तिला रडें आवरेना. थोड्या वेळानें तिनें पुन्हां तेंच विचारलें. मीं पुन्हां खरें सांगितलें, आणि ती बातमी प्रथमच कानीं पडावी तशी ती रडली. तिसऱ्या खेपेस माझ्या पत्नीनें मला बाजूस सारलें व ती म्हणाली, "आई, आधीं साडी बदला, आपल्याला बाहेर जायचें आहे." खोटें बोलणें घडलें नाहीं, आणि तिसऱ्यांदां तें दुःखहि दिलें गेलें नाहीं. रुग्णालयांत तपासण्या चालू असतांनाच दुपारीं तीनच्या सुमारास प्रश्न थांबले. संध्याकाळीं आई आपण होऊन म्हणाली, "ते गेले, हें आतां आठवतें मला." ती सकाळ मात्र तिला आजतागायत आठवलेली नाहीं.

या विकारास 'क्षणिक सार्वत्रिक विस्मृति' असें म्हणतां येईल. बोस्टन येथील मिलर फिशर व रेमंड ॲडम्स या मज्जाविकारतज्ज्ञांनीं १९५८ सालीं त्याचें नामकरण केलें. यांत शुद्ध हरपत नाहीं, वाचा जात नाहीं, हातपाय लुळे पडत नाहींत. नव्या घटनांची नोंद होणें तेवढें बंद पडतें, आणि मागील कांहीं दिवसांच्या, क्वचित् महिन्यांच्या वा वर्षांच्या आठवणीहि तात्पुरत्या झांकल्या जातात. बहुधा पन्नाशी उलटल्यावर हा प्रकार घडतो. चोवीस तासांच्या आंत, पुष्कळदां चार-सहा तासांतच, तो ओसरतो, आणि बहुतेकांस तो पुन्हां होत नाहीं. थंड पाण्यांत शिरणें, अतिश्रम किंवा मनास बसलेला धक्का यांनंतर तो उद्भवल्याचें अनेकदां आढळतें. मूळ कारण मात्र अद्याप निश्चित झालेलें नाहीं.

नवी आठवण नोंदविण्याचें काम मेंदूंतील हिप्पोकँपस या लहानशा भागावर अवलंबून असतें. १९५३ सालीं अमेरिकेंत हेन्री मोलायसन या तरुणाचा अपस्मार बरा व्हावा म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढण्यांत आला. पुढें २००८ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याला नवीन घटना जवळजवळ लक्षांत राहिली नाहीं. बालपण मात्र आठवत असे. आईच्या बाबतींत नोंद करणारा कारकून कांहीं तास जागेवर नव्हता, जुन्या वह्या शाबूत होत्या. त्या सकाळचें पान लिहिलेंच गेलें नाहीं, मग तें सांपडावें कोठून?

परंतु विसराचा प्रत्येक झटका असा निरुपद्रवी नसतो, आणि तो कोणता हें घरीं बसून ठरवूं नये. तोंड वांकडें होणें, एक हात लुळा पडणें, बोलणें अडखळणें यांपैकीं कांहींहि दिसल्यास पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गांठावें. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची मुदत साधारणतः साडेचार तासांचीच असते. मधुमेहासाठीं इन्शुलिन चालू असतां एकादशी घडली, आणि घाम, थरथर व गोंधळ दिसूं लागला, तर रक्तांतील साखर उतरली असण्याचा संभव मोठा. अर्ध्या-एक तासाचे, विशेषतः झोंपेंतून उठतांना पुन्हां पुन्हां येणारे झटके अपस्माराचे असूं शकतात. अंगास आंचके न येतांहि अपस्मार असतो, आणि औषधानें तो बहुधा आटोक्यांत राहतो. झोंपेच्या कांहीं गोळ्यांनींहि रात्रीं केलेलें सकाळीं आठवत नाहीं. यास्तव झटका किती वाजतां सुरू झाला, किती वेळ टिकला, त्यापूर्वीं काय घडलें, कोणतीं औषधें चालू आहेत, हें लिहून ठेवावें. जमल्यास मोबाइलवर चित्रणहि करावें. डॉक्टरांपुढें पोंचेपर्यंत झटका पुष्कळदां ओसरलेला असतो, आणि ज्याला तो आला त्याला त्याची साक्ष देतां येत नाहीं.

आईची विस्मृति सात तासांत संपली. माझी काळजी सहा महिने संपली नाहीं. हा अल्झायमरचा आरंभ तर नव्हे? तो रोग महिनोन्महिने हळूहळू पसरतो, सकाळीं येऊन दुपारीं जात नाहीं, असें डॉक्टरांनीं समजावून सांगितलें होतें. तरी चष्मा सांपडेना झाला कीं माझ्या पोटांत गोळा उठे. मी सहज म्हणून तिथि विचारीं, काल कोण आलें होतें तें विचारीं. एके दिवशीं आई शांतपणें म्हणाली, "मीं तीस वर्षें मुलांच्या परीक्षा घेतल्या आहेत रे, परीक्षा चालली आहे हें मला समजतें. कांहीं विसरलें तर मी तुला सांगेन. पण तूं असा टपून बसलास तर लपवीन."

मला फार लाज वाटली. लपविलेला झटका हाच सर्वांत घातक, आणि तो लपविण्याची पाळी मीच तिच्यावर आणीत होतों. त्या दिवशीं आम्हीं एक वही केली. कांहीं वेगळें वाटलें तर आईनें स्वतः तींत लिहावें, आम्हीं विचारूं नये, असें ठरलें. पहिलें पान तिनें त्या हरवलेल्या सकाळचें लिहिलें, सारें आमच्याकडून ऐकून. वडिलांविषयीं आपण काय विचारलें, तेंहि तिनें सांगावयास लाविलें आणि आपल्या वळणदार अक्षरांत लिहून घेतलें.