पाण्याच्या प्रारणविघटनाचे संगणकीय सदृशीकरण

पाण्याच्या प्रारणविघटनाचे संगणकीय सदृशीकरण म्हणजे किरणोत्सारामुळे पाण्यात निर्माण होणारे अल्पायुषी व अतिक्रियाशील घटक कसे पसरतात आणि परस्परांशी कशी अभिक्रिया करतात, याची संगणकावर केलेली गणना होय. अणुभट्टीतील तप्त पाण्याच्या रसायनशास्त्रात तिचा उपयोग होतो.

स्वरूप

गॅमा किरण पाण्यातून जाताना काही रेणूंचे आयनीभवन होते. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक, हायड्रोजन अणू व जलयोजित इलेक्ट्रॉन लहान समूहांत तयार होतात. जलयोजित इलेक्ट्रॉनचा वर्णपट एडविन हार्ट व जॅक बोग यांनी १९६२ मध्ये नोंदवला. समूहातील काही घटक एकत्र येऊन पुन्हा पाणी, हायड्रोजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड बनतात. उरलेले विसरणामुळे दूर जाऊन बचावतात. ही स्पर्धा सुमारे एका मायक्रोसेकंदात संपते. तेवढ्या वेळात पाण्याचा रेणू २५ °से. तापमानाला सरासरी १२० नॅनोमीटर सरकतो.

तापमानाचा परिणाम

सुमारे ३०० °से. तापमानाच्या द्रवरूप पाण्याची श्यानता सामान्य तापमानाच्या एक-दशांश होते आणि विसरण सुमारे वीसपट वाढते. संयोगाच्या अनेक अभिक्रियांचा वेग तितका वाढत नाही. त्यामुळे बचावणाऱ्या मूलकांचे प्रमाण वाढते व हायड्रोजन पेरॉक्साइडचे घटते.

पद्धती

माँटे कार्लो पद्धतीत प्रत्येक घटकाची यादृच्छिक वाटचाल व भेटी मोजल्या जातात. रेणवीय गतिकीत रेणूंवरील बलांवरून त्यांची हालचाल काढतात. बंध तुटणे व जुळणे दाखवण्यासाठी पुंजयामिकीचा आधार लागतो. कार व पारिनेलो यांची १९८५ मधील पद्धत या प्रकारची आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

ठाणे खाडीच्या पश्चिमेस, नवी मुंबईतील सानपाड्याच्या पलीकडे, तुर्भे (ट्रॉम्बे) येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील 'अप्सरा' ही जलकुंडातील अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली. केंद्रात इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक स्पंदांनी प्रारणविघटनाचा प्रायोगिक अभ्यासही होतो. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ मध्ये उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. अशा अणुभट्टीत पाणी सुमारे ७० बार दाबाखाली २८५ °से. तापमानाला उकळते.

महत्त्व व मर्यादा

प्रारणविघटनातून आलेला ऑक्सिजन व हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे पोलादी नळ्यांना ताणजन्य भेगा पडू शकतात. त्या रोखण्यासाठी पाण्यात हायड्रोजन मिसळतात. गाभ्यात थेट मोजमाप अवघड असल्याने त्याची मात्रा ठरवताना गणनेची मदत घेतात. मात्र उच्च तापमानातील अभिक्रियांचे वेगांक चुकले, तर निष्कर्षही चुकतो. म्हणून सदृशीकरण प्रयोगांशी सतत पडताळावे लागते.