'घाबरू नका' म्हटल्याने भीती जात नाही

परंडा तालुक्यातील सोनारी येथे काळभैरवनाथाचे जुने देवस्थान आहे. भैरवाचे रूप भीषण, आणि भक्ताचे भय हरणाराही तोच, असे परंपरा सांगते. देवळाच्या परिसरात माकडांची मोठी वस्ती आहे. बाहेरगावचा भाविक हातातला नारळ छातीशी धरून अंग चोरत चालतो. गावातली पोरे त्याच माकडांमधून बिनघोर जातात-येतात. माकडे तीच, पण एकाच्या छातीत धडधड होते आणि दुसऱ्याचे लक्षही जात नाही. म्हणजे भीतीचा बराच भाग शिकलेला असतो. मग शिकलेली भीती पुसता येते का? आमच्या जिल्ह्याला हा प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ पासून फार जवळचा आहे.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. जी वाचली, त्यांतल्या अनेकांना पुढे कितीतरी दिवस दगडी घरात झोपवेना. घर उभे असले तरी अंथरूण बाहेरच पडे. 'आता काही होणार नाही' हे त्यांना पटत नव्हते असे नाही; मनाला पटले तरी अंग ऐकत नव्हते.

यामागे मेंदूची रचना आहे. अंधारातली दोरी साप वाटते, हा आपल्या वेदान्तातला दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेदू यांनी धोक्याच्या संदेशाच्या दोन वाटा दाखवल्या. एक जवळची वाट बदामाच्या आकाराच्या अमिग्डालाकडे जाते. तिथून हृदयाची गती वाढते, स्नायू ताणले जातात, पाय मागे सरतो. दुसरी लांबची वाट मेंदूच्या बाह्य पटलातून जाते आणि 'ही दोरी आहे' हे ओळखते. निमिषभराच्या फरकाने का होईना, शरीर आधी दचकते आणि विचार मागून येतो. म्हणून नुसत्या उपदेशाचा उपयोग थोडा होतो.

भीती विरते तेव्हाही ती पुसली जात नाही. घंटेमागून अन्न देणे बंद केले की पावलॉव्हच्या कुत्र्याची लाळ हळूहळू थांबे. पण काही वेळ गेल्यावर घंटा वाजताच ती पुन्हा सुटे. भीतीचेही असेच आहे. जुनी नोंद राहते आणि तिच्याशेजारी 'इथे धोका नाही' अशी नवी नोंद तयार होते. कपाळामागचा मेंदूचा भाग या नव्या नोंदीच्या बळावर अमिग्डालाला आवरतो. ही नवी नोंद मात्र जागेशी बांधलेली असते. जागा बदलली किंवा पुन्हा हादरा बसला, की जुनी भीती डोके वर काढते.

भीती पाहूनही शिकली जाते. १९८० च्या दशकात सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेली, सापाला न भिणारी माकडे घेतली. सापाला घाबरणारे दुसरे माकड पाहिल्यावर काही मिनिटांतच तीही भिऊ लागली. पण ज्यांनी आधी सापाजवळ शांत बसलेले माकड पाहिले होते, त्यांतल्या बहुतेकांना ही लागण झाली नाही. लहान मुलांसमोर मोठ्यांनी कसे वागावे, याचा धडा यात आहे. मुलाला शब्दांपेक्षा आपला चेहरा आधी कळतो.

मग उपाय काय? टाळण्याने भीती पक्की होते, कारण 'धोका नाही' हे शिकायची संधीच मिळत नाही. म्हणून मानसोपचारात माणसाला पायरीपायरीने भीतीच्या जवळ नेतात: आधी ओसरी, मग दार उघडे ठेवून घरात थोडा वेळ, मग एक रात्र. यात घाई आणि जबरदस्ती चालत नाही. स्वप्ने, दचकणे, उदासी महिनोन्महिने टिकली तर तज्ज्ञांकडे जावे. त्यात कमीपणा काही नाही.

परंतु एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. किल्लारी परिसराला १९९२ मध्येही धक्के बसले होते. असे धक्के येऊन जातात, काही घडत नाही, आणि मेंदू 'धोका नाही' असे शिकतो. भिंत मात्र तेवढीच कच्ची राहते. भीती कमी होणे आणि धोका कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, भूकंपाला तोंड देतील अशी घरे बांधली गेली. भीतीवरच्या उपचाराचा तो पहिला भाग होता, असे मी मानतो. घाबरलेल्या माणसाला 'तू सुरक्षित आहेस' असे सांगण्याआधी तो खरोखर सुरक्षित आहे ना, हे पाहणे सांगणाऱ्याचे काम आहे. ते केले, तरच मेंदू शिकतो ती नवी गोष्ट खरी ठरते.