ठिणगीची वेळ

झोक्यावर बसलेल्या मुलाला झोका देणारा माणूस एक गोष्ट न शिकताच जाणतो. झोका मागे येऊन थांबला आणि पुढे निघाला की त्याच क्षणी जोर लावावयाचा. तो अजून मागे येत असताना जोर लावला, तर गती अडते व हातालाही हिसका बसतो. तो बराच पुढे गेल्यावर लावला, तर जोर वाया जातो. पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनातही नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

एंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण शिरते. पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वर येताना ते दाबतो. स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटविते आणि तप्त वायूंचा दाब पिस्टनला खाली ढकलतो. तेव्हा पिस्टन माथ्यावर पोचताच ठिणगी पडावी, असे कोणासही वाटेल. परंतु मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरावयास वेळ लागतो. हा वेळ सेकंदाचा दोन-सहस्रांश भाग आहे असे धरू. एंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात त्याचा दांडा सुमारे ७ अंश फिरतो. ३,००० फेरे घेत असेल, तर ३६ अंश. म्हणून पिस्टन माथ्यावर येण्यापूर्वीच ठिणगी पडली पाहिजे आणि एंजिनाचा वेग वाढेल तसतशी ती अधिक आगाऊ पडली पाहिजे. वेगाबरोबर सिलिंडरमधील खळबळ वाढून ज्योतही जलद पसरते. त्यामुळे ही वाढ वेगाच्या सरळ प्रमाणात करावी लागत नाही, इतकेच.

प्रारंभी हे काम चालकाच्या हाती होते. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीला मागे माल ठेवण्याचा हौदा जोडून पिकअप विक्रीस आणली. तिच्या सुकाणूच्या चक्राखाली दोन दांड्या असत. उजवी इंधनाची, डावी ठिणगीची. हँडल मारून एंजिन सुरू करण्यापूर्वी डावी दांडी ‘उशिरा’कडे ढकलावी लागे. हे विसरणाऱ्याला शिक्षा मोठी होती. पिस्टन वर चढत असतानाच स्फोट होई, हँडल उलट फिरे आणि मनगटाचे हाड मोडे.

पुढे हे काम डिस्ट्रिब्यूटरकडे आले. त्यातील लहान वजने वेगाबरोबर बाहेर फाकतात व ठिणगी आपोआप आगाऊ करतात. तथापि मूळची वेळ माणसालाच लावून द्यावी लागे. शेव्हरोले कंपनीच्या १९४७ सालच्या ३१०० जातीच्या पिकअपचे उदाहरण घेऊ. तिच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनाच्या फ्लायव्हीलवर पोलादाची एक छोटी गोळी बसविलेली असे. फ्लायव्हीलच्या आवरणाला असलेल्या झरोक्यातील खुणेसमोर ती गोळी आली, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन माथ्यापासून सुमारे ५ अंश अलीकडे आहे असे समजावयाचे.

वेळ लावण्यापूर्वी डिस्ट्रिब्यूटरमधील कॉन्टॅक्ट पॉइंटांची फट प्रथम नीट करावी लागते. कारण फट बदलली की वेळही बदलते. मग एंजिन तापवून ते संथ चालू ठेवतात आणि पहिल्या प्लगच्या तारेला टायमिंगचा दिवा जोडतात. ठिणगीबरोबर दिवा एकदा चमकतो. त्या निमिषमात्र उजेडात फिरते फ्लायव्हील थांबल्यासारखे दिसते आणि गोळी नेमकी कोठे आहे हे कळते. ती खुणेवर नसेल, तर डिस्ट्रिब्यूटरचा आवळ सैल करून तो किंचित फिरवितात. येथे हात हलका हवा. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा एंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्यूटर १ अंश हलविला, की एंजिनाच्या हिशेबाने वेळ २ अंशांनी सरकते. गोळी खुणेवर आली की आवळ घट्ट करून पुन्हा एकदा पाहतात. कारण आवळतानाही तो सरकू शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी? ठिणगी उशिरा पडली, तर पिस्टन खाली जात असतानाही मिश्रण जळतच राहते. शक्ती घटते, पेट्रोल अधिक लागते आणि उष्णता बाहेर जाणाऱ्या वायूंच्या झडपांना भाजून काढते. ती फार आगाऊ पडली, तर दाब व उष्णता इतकी वाढते की ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकाएकी पेट घेते. चढावर भरलेल्या गाडीतून येणारा टकटक आवाज तो हाच. तो तसाच चालू राहिला, तर पिस्टनलाही भोक पडते.

आजच्या मोटारींत हा हिशेब इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते आणि हा आवाज टिपून ठिणगी स्वतःच मागे घेते. जुन्या पिकअपमध्ये मात्र ते काम माणसाच्या डोळ्यांचे, कानांचे आणि हलक्या हाताचे आहे.