पाच ग्रॅमचा हात

सकाळी ८.३०
डोंबिवलीतलं माझं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे. आल्या आल्या नखं वाढलीत का बघते, हात कोमट पाण्याने धुते. मी मूळची फिजिओथेरपिस्ट. गुडघे, खांदे, पक्षाघातानंतरचं चालणं हे रोजचं काम. क्रेनिओसेक्रल थेरपीच्या वेळा मात्र वेगळ्या ठेवते. तिथे एकेकाला जवळजवळ तास द्यावा लागतो आणि घाई अजिबात चालत नाही.

९.००
नवीन पेशंट. बँकेत नोकरी, रोजची लोकल, डोकं सतत जड. आधी विचारपूस केली. दुखणं एकाएकी, जोरात सुरू झालं का? उलट्या, अंधुक दिसणं, हातापायाला मुंग्या? अलीकडे पडलात का? मेंदूत रक्तस्राव, रक्तवाहिनीला फुगा किंवा मेंदूवरचा दाब वाढलेला असेल, तर या थेरपीचं नावही काढायचं नाही. बाईंना न्यूरॉलॉजिस्टने तपासलं होतं. निदान होतं ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीचं. मगच पुढे गेले.

“कपडे बदलायचे का?” हे बायका जरा दबक्या आवाजात विचारतात. नाही. अंगावर सैल कपडे असले की झालं. चष्मा, कानातलं आणि केसांचा क्लचर तेवढा काढून ठेवायचा. तेल नाही, मान कडकन मोडणं नाही. उताणं झोपायचं, गुडघ्यांखाली उशी. मी आधी घोट्यांवर हात ठेवते, मग पोटावर, छातीवर, मग एक हात कमरेखालच्या त्रिकोणी हाडाखाली. दाब साधारण ५ ग्रॅमचा ठेवायला शिकवतात. अमेरिकेतलं पाच सेंटचं नाणं तेवढ्याच वजनाचं असतं.

शेवटी डोक्याशी बसते. मान आणि कवटी जुळतात तिथे बोटांची टोकं खालून उभी लावायची आणि थांबायचं. बाईंनी मान स्वतःच उचलून धरली होती, मला त्रास नको म्हणून. आयुष्यभर सगळ्यांचं करणाऱ्या बायकांचं हे हमखास होतं. “सोडा, मी धरलंय,” म्हटलं. दोन-तीन मिनिटांनी मानेचे स्नायू बोटांखाली सैल पडायला लागले आणि डोक्याचा सगळा भार माझ्या तळव्यांत आला. पोटात गुडगुडलं, तशा त्या ओशाळल्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, निवांत झाल्यावर अनेकांचं होतं. कुणाला ऊब जाणवते, कुणाला डुलकी लागते, कुणाचे डोळे भरून येतात. काहींना काहीच जाणवत नाही.

१०.१५
उठून पाणी प्यायल्यावर त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही नक्की केलंत काय?” हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून पुढची वेळ थोडी उशिराचीच देते.

अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ विल्यम सदरलँड यांची धारणा होती की मोठ्या माणसाच्या कवटीची हाडंही सांध्यांशी किंचित हलतात. १९३९ साली त्यांनी त्यावर पुस्तक काढलं. पुढे जॉन अपलेजर यांनी त्यातून आजची थेरपी बांधली आणि १९८५ साली फ्लोरिडात संस्था काढून ती सर्वांना शिकवायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याला स्वतःची लय असते आणि ती हाताला कळते. पाणी खरंच आहे: एका वेळी सुमारे १५० मिली, आणि दिवसभरात ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार होतं. पण दोन थेरपिस्टनी एकाच माणसाची लय मोजली तर आकडे जुळत नाहीत, आणि मोठ्या माणसाची कवटी एवढ्याशा दाबाने हलते याला भक्कम पुरावा नाही. हे मी पेशंटला स्पष्ट सांगते. शांत खोली, संथ झालेला श्वास आणि घाई नसलेला स्पर्श यांनी बरं वाटतं, ते मी रोज बघते. तेवढंच कबूल करते. गोळ्या बंद करा असं कधीही म्हणत नाही.

१२.००
आजी, सून आणि तीन महिन्यांचं बाळ. डोकं मागून एका बाजूला चपटं झालंय. मालिशवाल्या बाईंनी रोज दाबून गोल करायचा प्रयत्न केला, आता “तुमचा हात हलका, तुम्ही करा.” मी बाळाच्या डोक्याला हात लावला नाही. टाळू अजून भरायची असते, ती भरायला साधारण दीड वर्ष जातं. तिथे दाबादाबी नकोच. बाळ सतत एकाच कुशीकडे मान ठेवून झोपत होतं. जागं असताना, समोर बसून, थोडा थोडा वेळ पालथं घाला. खुळखुळा दुसऱ्या बाजूने वाजवा. झोपवायचं मात्र पाठीवरच. मान एकीकडेच वळते का आणि कवटीची हाडं वेळेआधी जुळलीत का, हे बालरोगतज्ज्ञ बघतील. आजी जरा हिरमुसल्या. सुनेने सगळं मोबाईलवर लिहून घेतलं.

१.३०
डबा. नंतर बोटांचे व्यायाम, नोंदी.

४.००
जबड्याचं दुखणं, रात्री दात खाण्याची सवय. डेंटिस्टने प्लेट दिली आहे, ती चालूच ठेवायची. इथे ग्लोव्ह घालून एक बोट गालाच्या आतून लावावं लागतं. त्याआधी सांगायचं, विचारायचं, आणि हात वर केला की लगेच थांबायचं हे ठरवून घ्यायचं. स्पर्श कितीही हलका असो, परवानगी लागतेच.

७.१०
फोन. आदल्या दिवशी आलेल्या गृहस्थांचा मुलगा. “बाबा दुपारी बाथरूममध्ये घसरले, डोकं आपटलं. गरगरतंय म्हणतात. तुमचं ते हलकं काहीतरी करून बघायचं का?” रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे का, विचारलं. आहे म्हणाला. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या, गोळीचं नाव आधी सांगा, सीटी स्कॅनचं विचारा, सकाळची वाट बघू नका. बाबांना जायचं नव्हतं, म्हणून त्यांच्याशीही बोलले.

त्यांची सकाळची वेळ रद्द केली आणि नोंदीत लिहिलं: न्यूरॉलॉजिस्टची लेखी परवानगी आल्याशिवाय वेळ द्यायची नाही.