आम्ल मोजलं, मन मोजायचं राहिलं

व्हेगस मज्जातंतूतले सुमारे 80 टक्के धागे पोटाकडची खबर मेंदूकडे नेतात. मेंदूचा हुकूम खाली आणणारे उरलेले जेमतेम 20 टक्के. जानेवारी 1943 मध्ये शिकागोत लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी अल्सरच्या रुग्णाचा हा मज्जातंतू छेदला, तो या 20 टक्क्यांसाठी: हुकूम थांबला की आम्ल कमी पाझरतं आणि जखम भरते. हिशेब चुकला नाही. पुढे तीसेक वर्षं ही शस्त्रक्रिया जगभर झाली. 1976 मध्ये सिमेटिडिन हे औषध आलं, 1982 मध्ये मार्शल आणि वॉरन यांना अल्सरमागचा जिवाणू वाढवता आला, आणि तिची गरज संपत गेली.

त्याच शिकागोत मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर अल्सरचं मूळ मनात शोधत होते. मनामुळे पोट बिघडतं, यावर एवढा खल झाला; वर जाणारे 80 टक्के धागेही तुटले, त्याचं काय, हे मात्र कडेलाच राहिलं. शस्त्रक्रियेचं यश ठरायचं आम्लावर, परतणाऱ्या अल्सरवर, जुलाबांवर. आज जुन्या रुग्णांकडे पाहून उत्तर काढणंही अवघड आहे. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेल्या, अनेकदा दारू-सिगारेटच्या आहारी गेलेल्या माणसाची उदासी मज्जातंतूच्या खाती कशी टाकायची?

उंदरांना असा पूर्वेतिहास नसतो. 2011 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या संशोधकांनी त्यांना लॅक्टोबॅसिलस जातीचा एक जिवाणू खाऊ घातला. त्यांची भीती आणि ताणाचं संप्रेरक कमी झालं. व्हेगस कापलेल्या उंदरांत मात्र काहीच फरक पडला नाही. 2014 मध्ये झुरिकच्या गटाने त्याहून नेमकं काम केलं. मोठ्या उंदरांच्या पोटाकडून वर जाणारे सगळे धागे तोडले, खाली येणारे निम्मे राखले. या प्राण्यांना उपजत भीती कमी वाटली. उघड्या, उजेडाच्या जागी ते कमी बिचकले. पण एकदा शिकलेली भीती विसरायला त्यांना जास्त वेळ लागला. म्हणजे ‘व्हेगस कापला की चिंता वाढते’ हे सरसकट विधान टिकत नाही, आणि उलटंही नाही.

व्हेगस कापलेल्या माणसांचे मोठे आकडे आहेत, पण ते मनाचे नव्हेत, पार्किन्सन या मेंदूच्या आजाराचे. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या 9,430 जणांपैकी 101 जणांना, म्हणजे 1.07 टक्क्यांना तो झाला; तुलनेच्या गटात 1.28 टक्क्यांना. हजारी दोनाचा फरक, तोही योगायोगाने पडू शकेल इतपतच.

माणसाच्या मनाबद्दलचा थेट प्रयोग झाला तो मज्जातंतू न कापता, विजेने चेतवून. छातीत यंत्र आणि मानेतल्या व्हेगसवर तार बसवलेल्या हट्टी नैराश्याच्या रुग्णांपैकी 112 जणांचं यंत्र चालू ठेवलं, 110 जणांचं बंद. दहा आठवड्यांनी चालू गटातले 17 जण सुधारले होते, बंद गटातले 11. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही बरोबरीच. तरीही 2005 मध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली, ती मुख्यतः वर्षभराच्या आकड्यांवर. त्यांत सुधारलेल्यांचं प्रमाण 27 टक्क्यांपर्यंत गेलं होतं, पण तोवर सगळ्यांचीच यंत्रं चालू केलेली होती.